बिनगुळाचे तीळ

जब्बार, तुला जाऊन एकोणीस दिवस झाले आणि तेवढ्यात मी चार वेळा फलाफल केले. तुला हसू येईल. तू असताना माझं काम कोथिंबीर निवडायची आणि लिंबं पिळायची, बाकी नुसता तोंडाचा पट्टा चालू. आता तोंड बंद आहे आणि हात थांबायला तयार नाहीत. एका जागी बूड टेकत नाही. पेपर उघडतो, मिटतो. गेटपर्यंत जातो, परत येतो. ओट्यावर तुझा तो फलाफलचा पितळी साचा पडलाय, तो उचलतो आणि त्याची दांडी दाबत राहतो, खट, खट. सुमन परवा वैतागून म्हणाली, "अहो, एक तर ते खाली ठेवा, नाहीतर त्यांच्या घरी देऊन या." दोन्ही जमेना. हे लिहायला बसलो तर एवढ्या ओळींत दोनदा उठून आलोय.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. तुझ्याबद्दल चांगलं लिहायला मला काही अडचण नाही. अडचण माझ्याबद्दलची आहे. मला तुला एक गोष्ट सांगायची होती. पाच महिने सांगायची होती, आणि तुझं गॅरेज माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं.

आठवतं, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझी स्कूटर ढकलत आणली होती मी? घाटनांदूरच्या शाळेत मास्तर होतो, अंबाजोगाईहून रोज जाऊन-येऊन करायचो, आणि ती गाडी आठवड्यातून एकदा तरी घाम काढायची. तू जेद्दाहून नुकताच परत आला होतास, गॅरेजच्या पाटीचा रंगही ओला होता. गाडीकडे बघून म्हणालास, "मास्तर, ही स्कूटर हाय का बैलगाडी बे?" मला जन्मात कुणी 'बे' म्हटलं नव्हतं. शाळेत शिपाईसुद्धा 'सर' म्हणायचा. मी डोळे वटारले. तू पान्यावरून मान वर न करता म्हणालास, "बे म्हनलं म्हंजे मानूस आपला झाला. तू पन म्हन की." मला ते कधीच जमलं नाही. तू कितीदा चिडवलंस, एकदा तरी म्हण म्हणून. जिभेवर आलेलं परत आत जायचं. मास्तरकी अंगात मुरलेली, दुसरं काय.

आणि मग ते फलाफल. जेद्दात तुम्ही एका खोलीत आठ जण राहायचात, त्यातला एक सीरियाचा मेकॅनिक. सुट्टीच्या दिवशी तो सगळ्यांना फलाफल करून घालायचा. अकरा वर्षांत तू त्याच्याकडून दोन गोष्टी शिकलास, इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखायचा आणि हरभरे ओले वाटायचे. येताना लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात. तू एक पितळी साचा आणलास. रेहानाभाभींनी तो बघून कपाळावर हात मारून घेतला होता म्हणे.

मी रिटायर झाल्यावर शुक्रवार आपला झाला. गॅरेज बंद, तुझी नमाज आटोपली की तू पिशवी घेऊन माझ्याकडे. सुमन स्वयंपाकघर आपल्या ताब्यात देऊन शेजारी निघून जायची, कारण आपल्या दोघांचं भांडण ऐकायची तिची ताकद नव्हती. पहिल्याच शुक्रवारी मी तुला मदत म्हणून, तू यायच्या आत, भिजवलेले हरभरे कुकरला लावले. तीन शिट्ट्या. तू आलास, कुकरचं झाकण उघडलंस आणि असा बघत राहिलास की जणू माझ्या हातून एखादं माणूस गेलंय.

"कावून शिजवले बे?"

"हरभरे शिजवल्याशिवाय कसे खायचे?"

"भिजवायचं, शिजवायचं न्हाई! तेलात पडल्यावर शिजतंय त्ये. तुला लई घाई."

तरी तू मुद्दाम त्यातले चार तेलात सोडलेस, मला अद्दल घडावी म्हणून. ते विरघळून गेले. कढईत नुसता फेस. तू झारा धरून हसत होतास, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मला राग यायला हवा होता तो आला नाही. पुढं वर्षभर कुणीही भेटलं की तू सांगायचास, या मास्तरनं फलाफलचं सरबत केलतं.

त्या साच्याची स्प्रिंग ढिली झाली तेव्हा तू तिच्या जागी स्कूटरची कसलीशी स्प्रिंग बसवलीस. पहिलाच फलाफल कढईवरून उडून कॅलेंडरवर जाऊन आदळला. संकष्टीवर बरोबर तेलाचा डाग. तो डाग वर्षभर सुमननं पुसू दिला नाही, महिन्याचं पान उलटलं तरी मागच्या पानावर उमटलेला दिसायचा. तू म्हणालास, "मास्तर, तुजी गाडी पन अशीच उडली पायजे." स्प्रिंग तू परत काढली नाहीस. आता मी दाबतो तेव्हा तीच वाजते.

आपलं खरं भांडण नावावरून होतं. मी म्हणायचो, हरभरा, कांदा, लसूण, कोथिंबीर, वाटायचं आणि तळायचं, मग हे अरबी भजंच झालं की. उगाच नाव मोठं. तुला बाकी कशाचा राग यायचा नाही, याचा यायचा. एकदा खरंच हातातलं वाटण ठेवून दिलंस आणि म्हणालास, "भजं म्हनू नको बे. त्याला नाव हाय. मी तुला मास्तर मास्तर म्हनतो म्हनून काय तुला नाव न्हाई का? कुनाच्याबी चीजंला तिच्या नावानं हाक मारायची." मी म्हणालो, व्याकरण मला शिकवू नको. तू म्हणालास, व्याकरण न्हवं, इज्जत हाय. तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं.

वाद तसाच राहिला. मी बेसन घालायचा हट्ट धरायचो, तू माझ्या हातावर चापट मारायचास. मी म्हणायचो पुदिना नको, तू चार पानं लपवून टाकायचास. सगळ्यात मला काय आवडायचं ते तुला कधी सांगितलं नाही. ताहिनी. पांढरे तीळ मंद आचेवर हलवत राहायचे आणि रंग बदलायच्या आत उतरवायचे. मग मिक्सरमध्ये थोडं तेल घालून इतके फिरवायचे की धार लागावी. त्यात लसूण, मीठ, लिंबू. आणि लिंबू पडलं की इतका वेळ वाहणारं ते सगळं एकदम घट्ट व्हायचं, गोळा होऊन चमच्याला चिकटायचं. पहिल्यांदा मी घाबरलो, म्हटलं नासलं. तू हसलास.

"नासलं न्हाई. रुसलंय. लिंबू लागलं की रुसतंय त्ये. थोडं थोडं गार पानी घाल आनि हालवत ऱ्हा. थांबू नको."

मी हलवत राहिलो. चमचा-चमचा पाणी. हळूहळू ते सैल झालं, पांढरंफेक झालं, साईसारखं. तू वाटीत बोट बुडवून चाखलंस आणि म्हणालास, "बघ. बोलाय लागलं."

दोन वर्षांपूर्वी मला शुगर निघाली. घरच्यांपेक्षा तूच जास्त मागं लागलास. गॅरेजसमोरच्या हॉटेलवाल्याला तू रस्त्यावरून ओरडायचास, "येक कडक, आनि मास्तरचा बिनसाखरेचा!" सगळ्या बाजाराला माझा आजार कळला. संक्रांतीला मी तुझ्या हातावर तिळगूळ ठेवायचो, गोड बोल म्हणायचो, तर तू म्हणायचास गोड बोलायचं काम मास्तरचं, मी मेकॅनिक हाय. आणि मी स्वतः वडी तोंडात टाकायला गेलो की हातातून काढून घेऊन चिमणीच्या घासाएवढा तुकडा परत द्यायचास. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी काय केलं ते आता येतंच.

दिवाळीच्या आधी आमच्या अश्विनीला बघायला तेलगावहून पाहुणे आले. जुनं शेतीवाडीचं घर, मुलगा चांगला, अश्विनीच्या मनातलं. मीच तुला म्हटलं होतं, जब्बार, पोहे सगळेच करतात, तू तुझे फलाफल कर. तू सकाळी नवाला आलास. नवा शर्ट घालून. बाह्या वर दुमडून दीडशेच्या वर काढलेस. अश्विनी मदतीला होती, तिला तू सांगत होतास, बेटी, तेलात टाकल्यावर मिनिटभर हात लावायचा न्हाई, नव्या नवरीवानी त्याला बसू द्यायचं. ती लाजून हसत होती. माझ्या घरात त्या सकाळी इतकं बरं वाटत होतं की मी बैठकीत उगाच सतरंज्या सरळ करत फिरत होतो.

पाहुणे आले. प्लेटा गेल्या. व्याह्यांनी, म्हणजे तेव्हा अजून व्याही झाले नव्हते ते, एक तोंडात टाकला, ताहिनीत बुडवून दुसरा टाकला, आणि म्हणाले, "वा! हे काय ओ गुरुजी? कुणी केलंय?"

मी त्यांच्या कपाळावरच्या बुक्क्याकडे बघितलं. त्यांच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकांकडे बघितलं. एका क्षणात माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं. मी म्हणालो, "हरभऱ्याचे वडे आहेत. आमच्या हिनंच केलेत."

तू दारात उभा होतास. हातात झारा, दुसऱ्या हातात गरम घाण्याची ताटली. तू ऐकलंस. मी तुला बघितलं आणि तू मला बघितलंस. एका वाक्यात मी दोन गोष्टी काढून घेतल्या होत्या, फलाफलचं नाव आणि तुझं. ताटली अश्विनीच्या हातात दिलीस, झारा ओट्यावर ठेवलास, बाह्या खाली घेऊन बटणं लावलीस आणि मागच्या दारानं गेलास. साचा तसाच राहिला. चप्पल घालताना तू भिंतीला हात टेकवला होतास एवढं मला बैठकीतून दिसलं.

पाहुण्यांनी तिथंच होकार दिला. सगळे हसत होते, मीही हसत होतो. ते गेल्यावर अश्विनी म्हणाली, "बाबा, चाचांचं नाव का नाही घेतलं?" मी म्हणालो, तुझ्या भल्यासाठी. ती म्हणाली, "माझ्या भल्यासाठी काय करायचं ते मला विचारायचं होतंत." पुढचे आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

मी दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं. निघालोही होतो. कोपऱ्यावरून तुझं गॅरेज दिसलं, तू खाली बसून कुणाची तरी मोटारसायकल खोललेली, आणि माझी पावलं वळली. काय म्हणणार होतो? भीती वाटली म्हणून? मुलीचं लग्न मोडेल म्हणून? तू म्हणाला असतास, बरं केलंस, आणि ते मला सहन झालं नसतं. तू शिव्या दिल्या असत्यास तरी चाललं असतं, पण तू शिव्या दिल्या नसत्यास. मग आज जाऊ, उद्या जाऊ. शुक्रवार आला की मी मुद्दाम बाजारात निघून जायचो, न जाणो तू आलास तर. आणि तू आला नाहीस याचाही मला राग यायचा. बघ, चूक माझी आणि रुसलेलाही मीच. असं कुठं असतं का? पण होतं.

मग संक्रांत. मी बँकेत गेलो होतो, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काहीतरी राहिलं होतं. परत आलो तर सुमन म्हणाली, "जब्बारभाऊ आले होते. आत या म्हटलं, आले नाहीत. हे दिलं आणि म्हणाले, मास्तरला द्या, संक्रांतीचं हाय." काचेची बरणी होती. मी झाकण उघडलं, बोट घातलं, चाखलं. ताहिनी. नुसते वाटलेले तीळ, जराशी कडू चव. गूळ नाही.

आणि मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, टोमणा मारलास. संक्रांतीला तीळ दिलेस पण गूळ काढून घेतलास. गोड बोलणं संपलं म्हणून सांगितलंस. इतक्या वर्षांत तू मला एक सरळ शब्द कधी बोलला नाहीस, प्रत्येक गोष्ट टोमण्यात, तेव्हा हाही टोमणाच. मी सुमनला म्हणालो, "बघ, कसं डोकं चालतं याचं." ती म्हणाली, "तुम्हाला सगळीकडं टोमणेच दिसतात. जाऊन विचारा की." मी बरणी पिठाच्या डब्यामागं ढकलून दिली. त्या दिवशी घरोघरी मुलं तिळगूळ वाटत फिरत होती आणि मी चरफडत बसलो होतो. भाषेचा मास्तर मी. आयुष्यभर पोरांना अर्थ सांगितले. आणि एक बरणी वाचता आली नाही.

तू गेलास ते मला सुमननं अंगणात येऊन सांगितलं. गॅरेजमध्येच छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपलेला. मी पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून आलो. कबरस्तानात मी मागं, भिंतीजवळ उभा राहिलो होतो. तुझ्या लोकांना आपलं काय झालंय ते ठाऊक नव्हतं, तू कुणाला सांगितलंच नव्हतंस. त्यांनी मला हात धरून पुढं नेलं. "मास्तर, तुमी या म्होरं. तुमचा हक हाय." तीन मुठी माती टाकायची म्हणाले. मी टाकली. लाज वाटत होती, जब्बार. दुःखाच्या आधी लाज वाटत होती, आणि त्याचाही राग येत होता की आज तरी नुसतं रडता यावं की नाही माणसाला.

तुझ्या घरी डबा घेऊन जाऊ या, असं सुमन दुसऱ्या दिवसापासून म्हणत होती. मी म्हणालो, फलाफल नेऊ, मी करतो. ती माझ्याकडे बघतच राहिली. पहिल्यांदा केले ते फुटले, कारण हरभरे पंच्यावर पसरून कोरडे करायचे असतात हे विसरलो. दुसऱ्यांदा मिक्सर थांबत थांबत फिरवायचा तो एकदम फिरवला, पिठलं झालं. तिसऱ्यांदा घाबरून बेसन घातलं. जमले, गोल गरगरीत, आणि चव बघितली तर भजी. हुबेहूब भजी. इतकी वर्षं जो वाद मी जिंकायला बघत होतो तो माझ्या हातानं मी तिथं हरलो. ओट्याला टेकून एकटाच म्हणालो, तू बरोबर होतास. ऐकायला तू नव्हतास म्हणून जोरात म्हणालो.

काल चौथी वेळ. जमले. बाहेरून तांबूस कुरकुरीत, फोडला की आतून हिरवागार. मग बरणी काढली. दोन-अडीच महिन्यांत तेल वर आलं होतं आणि तीळ खाली बसून दगड झाले होते. चमचा वाकला. उकरून, हलवून एकजीव केलं, लसूण घातला, लिंबू पिळलं. रुसलं. मी पाण्याचा तांब्या जवळ घेतला आणि हलवत राहिलो, थोडं थोडं, न थांबता. मनगट भरून आलं. बोलायला लागलं ते. मीच बोललो नव्हतो, एवढंच काय ते.

रेहानाभाभी इद्दतमध्ये आहेत, चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलो, तुझ्या त्या लोखंडी खुर्चीवर नाही, शेजारच्या बाकावर. सुमन डबा घेऊन पडद्याआड गेली. बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज. मग पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "गुरुजी, ही चटनी त्यांच्या हातची हाय ना? संक्रांतीची?"

मी हो म्हटलं.

"मग इतक्या दिवस ठेवली व्हय? मी त्यांना म्हनलं व्हतं, संक्रांत हाय, थोडा गूळ घाला, बिनगुळाचं कसं देता? तर माज्यावर वराडले. म्हनले, मास्तरला शुगर हाय, त्याला मारायचा हाय का?" भाभी थांबल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. "म्हनले, बिनगुळाचाबी बोलंल त्यो. आनि मग रोज सांच्याला घरी आले की इचारायचे, मास्तर येऊन गेला का?"

मी काय सांगू तुला. मी बाकाची कड धरून बसलो. तू माझ्या घरापर्यंत आला होतास. अपमान माझ्या घरात झाला, आणि तिळगूळ घेऊन तूच आलास. माझी साखर वाढू नये म्हणून त्यातला गूळ काढून आलास. आणि मी त्या बरणीला शिव्या देत होतो. मला राग आला, तुझा सुद्धा आला. एक शब्द सुमनजवळ सांगितला असतास, शुगर हाय म्हणून गूळ न्हाई, तर काय जीभ झिजली असती का तुझी? पण तुला वाटलं असेल हे काय सांगायचं, मास्तरला कळेल. एवढा भरवसा कशाला ठेवायचा माणसानं माणसावर!

घरी आलो. मी चपलाही न काढता मोबाईल घेतला आणि तेलगावला फोन लावला. तुझ्या घरात तुझं नाव घेणं सोपं होतं, तिथं कुणाचा घास अडणार नव्हता. जिथं घ्यायचं होतं तिथं घेतल्याशिवाय मला बसता येत नव्हतं. लग्न वैशाखात आहे, पत्रिका छापायला गेल्यात, आणि मोडायचं तर मोडू दे का, असं मी अश्विनीला विचारूनच फोन लावला. ती म्हणाली, "लावा बाबा. इथंच थांबते मी." ती दाराला टेकून उभी राहिली, तू उभा होतास तिथं.

"बोला गुरुजी," व्याही म्हणाले.

मी एका दमात बोललो. मधे थांबलो असतो तर परत पळालो असतो. म्हटलं, तुम्ही बघायला आलात तेव्हा जे खाल्लंत ते हरभऱ्याचे वडे नव्हते. त्याला फलाफल म्हणतात. आणि ते आमच्या हिनं केले नव्हते. माझा मित्र आहे, जब्बार मेकॅनिक, त्यानं केले होते, सकाळी नवापासून उभं राहून. मी तुमच्याशी खोटं बोललो. त्याच्यासमोर बोललो.

'आहे' म्हणालो मी. ते माझ्या लक्षातही आलं नाही.

अश्विनी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग व्याही हसले. मोठ्यानं, मोकळं हसले.

"आवो, मग तवाच सांगायचं की! आमची मंडळी आजून त्याच वड्यांचं नाव काढत्यात. आसं करा गुरुजी, लग्नातबी त्यांनाच सांगा. आमच्याकडची दोनशे मानसं हायेत म्हनावं, जमंल का, इचारून ठेवा तेवढं."

मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला.

काय सांगू रे त्यांना आता? सांग की, बे.